इंटरनेटमुळे वंशद्वेष वाढतो का?

मागे आवाज पोचतोय ना? बरं. हा विषय अमेरिकेपासून सुरू करायची एक पद्धत पडून गेली आहे. तिकडे आपण जाणारच आहोत, पण सुरुवात पुण्यापासून करू.

२०१२ चा ऑगस्ट आठवा. त्याच्या आधीच्या महिन्यात आसाममध्ये कोक्राझार आणि आसपासच्या जिल्ह्यांत बोडो आणि बंगाली भाषक मुस्लिम यांच्यात मोठा हिंसाचार झाला होता. चार लाखांवर माणसं छावण्यांत गेली. हे झालं तिकडे, दोन-अडीच हजार किलोमीटरवर. पण पंधरा-वीस दिवसांत देशभरच्या मोबाइलवर दोन प्रकारचा मजकूर फिरायला लागला. एक म्हणजे छायाचित्रं, आसाममध्ये आणि म्यानमारमध्ये मुस्लिमांवर काय चाललंय ते बघा, असं सांगणारी. आणि दुसरा, त्याला जणू उत्तर म्हणून, ईशान्येकडच्या लोकांना उद्देशून: ईदनंतर तुमच्यावर हल्ले होणार आहेत, त्याआधी निघून जा.

पहिल्या प्रकारातलं एक छायाचित्र खूप फिरलं. लाल वस्त्रं घातलेले बौद्ध भिक्खू, आणि त्यांच्या पायाशी ओळीनं पसरलेले मृतदेह. खाली मजकूर असा, की म्यानमारमध्ये बौद्धांनी केलेली ही कत्तल. प्रत्यक्षात ते छायाचित्र २०१० मध्ये चीनमधल्या युशू इथे झालेल्या भूकंपाचं होतं. ते तिबेटी भिक्खू मदतीला गेले होते, मृतांच्या अंत्यसंस्कारासाठी उभे होते. म्हणजे मदत करणारी माणसं मारेकरी म्हणून दाखवली गेली, आणि छायाचित्रात एक ठिपकासुद्धा बदलावा लागला नाही. फक्त खालची ओळ बदलली.

पुण्यात ऑगस्टच्या सुरुवातीला ईशान्येकडच्या तरुणांना मारहाण झाल्याच्या काही घटना घडल्या. मार खाणाऱ्यांत मणिपूरची मुलंही होती. आता आसामच्या त्या भांडणाशी मणिपूरच्या मुलाचा संबंध काय? काही नाही. पण मारणाऱ्यानं पत्ता विचारला नव्हता, चेहरा पाहिला होता. वंशद्वेष म्हणजे काय, याची याहून सोपी व्याख्या आम्हाला सुचत नाही. पुढे पंधरा ऑगस्टपासून बेंगळुरूचं स्टेशन भरायला लागलं. गुवाहाटीसाठी जादा गाड्या सोडाव्या लागल्या. तीन-चार दिवसांत एकट्या बेंगळुरूमधून तीसेक हजार लोक गेले, पुण्यातूनही काही हजार. हॉटेलात काम करणारे, सुरक्षारक्षक, ब्यूटी पार्लरमधल्या मुली, विद्यार्थी. सतरा ऑगस्टला केंद्र सरकारनं आदेश काढला की पंधरा दिवस एका वेळी पाचपेक्षा जास्त जणांना एसएमएस पाठवता येणार नाही. हा पाचाचा आकडा लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

आता आपला प्रश्न. या सगळ्यात फोननं नेमकं काय केलं? मारणाऱ्याच्या मनात द्वेष फोननं घातला, की आधीचाच होता आणि फोननं फक्त वेळ आणि ठिकाण कळवलं? 'इंटरनेटमुळे द्वेष वाढला' असं वाक्य आपण चहाच्या टपरीवर सहज बोलतो. पण त्यात दोन वेगळे दावे एकत्र गुंडाळलेले असतात. एक, की माणसांच्या मनातलं मत बदललं. दुसरा, की मत तेच होतं पण त्यावर कृती करणं सोपं झालं. या दोहोंचा इलाज एक नाही.

थोडं इतिहासाकडे वळू.

द्वेष पसरवणाऱ्या संघटना इंटरनेटवर उशिरा आल्या, असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. त्या सगळ्यांच्या आधी आल्या. अमेरिकेतल्या गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी १९८४ मध्येच, म्हणजे आपल्याकडे घरी साधा फोन मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागायचं त्या काळात, टेलिफोनच्या तारेवरून चालणारे संगणकी सूचनाफलक सुरू केले होते. १९९५ मध्ये 'स्टॉर्मफ्रंट' नावाचं संकेतस्थळ सुरू झालं. चालवणारा होता डॉन ब्लॅक, कू क्लक्स क्लॅनचा माजी पुढारी. एवढी घाई त्यांना का होती? कारण त्यांची अडचण पैशाची आणि लाजेची होती. पत्रक छापायला खर्च येतो, टपालानं पाठवायला खर्च येतो, आणि घेणाऱ्याला भीती असते की पोस्टमननं बघितलं तर, बायकोनं बघितलं तर. गावात असा विचार करणारे चारच जण असतील तर ते एकमेकांना सापडत नाहीत, कारण कुणी मोठ्यानं बोलत नाही. इंटरनेटनं या दोन्ही अडचणी एका दिवसात सोडवल्या. खर्च जवळजवळ शून्य, आणि पाहणारं कुणी नाही.

पण याहून हुशारीची गोष्ट पुढे आहे. याच मंडळींनी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाचं एक संकेतस्थळ चालवलं. वरवर पाहता शाळेतल्या मुलांना निबंधासाठी माहिती मिळावी, असं त्याचं रूप. आत मात्र किंग यांची बदनामी. ते कोण चालवतं, हे तळाशी अगदी बारीक अक्षरात. जेसी डॅनियल्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००९ च्या 'सायबर रेसिझम' या पुस्तकात अशा बुरखा घेतलेल्या संकेतस्थळांचा अभ्यास मांडला. त्यांचं म्हणणं साधारण असं, की उघड शिव्या देणारं पान तेवढं घातक नाही, ते बघताक्षणी ओळखू येतं. घातक ते, जे ज्ञानाचा वेष घेतं आणि आपल्याला शंका विचारायला शिकवतं: खरंच गुलामगिरी एवढी वाईट होती का? खरंच अमुक झालं का?

हे किती महागात पडू शकतं ते २०१५ मध्ये दिसलं. १७ जूनला अमेरिकेत चार्ल्सटनमधल्या एका कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये एका एकवीस वर्षांच्या गोऱ्या तरुणानं नऊ जणांना गोळ्या घातल्या. त्यांच्या बायबल अभ्यासाला तासभर बसून मग. त्यानं लिहून ठेवलं होतं की आपली सुरुवात एका शोधातून झाली. गूगलवर त्यानं 'कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांवर केलेले गुन्हे' अशा अर्थाचे शब्द टाकले, आणि पहिल्यांदा जे पान त्याच्यासमोर आलं ते एका गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचं होतं.

इथे जरा थांबू या, कारण शोध कसा चालतो हे समजलं तर पुढचं पुष्कळ समजतं. शोधयंत्र तुम्हाला सत्य देत नाही. तुम्ही टाकलेले शब्द ज्या पानांवर आहेत ती पानं देतं. आता 'कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांवर केलेले गुन्हे' हे शब्द याच क्रमानं कोण लिहितं? गुन्हेगारीचा अभ्यासक असं लिहीत नाही. तो लिहितो 'बळी आणि आरोपी यांचं नातं', 'वंशांतर्गत हत्या' वगैरे. तो शब्दप्रयोगच एका विशिष्ट गोटाचा आहे. म्हणजे प्रश्न विचारतानाच तुम्ही उत्तर देणारा निवडलेला असतो, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो. मायकेल गोलेबिएव्स्की आणि डॅना बॉइड यांनी २०१८ मध्ये यासाठी एक नाव वापरलं, त्याला मराठीत आपण 'माहितीची पोकळी' म्हणू. ज्या शब्दांवर भल्या माणसांनी काही लिहिलेलंच नाही, तिथे दुसरं कुणीतरी आधीच जाऊन बसलेलं असतं. त्या मुलाला खरी आकडेवारी मिळाली असती तर तिथे काय दिसलं असतं? अमेरिकेत खून झालेल्या गोऱ्यांपैकी दर दहांतल्या आठांना मारणारा गोराच असतो. माणूस बहुधा ओळखीच्या, शेजारच्या माणसाकडून मारला जातो, आणि शेजार तिथे वंशानुसार वाटलेले आहेत. एवढी साधी गोष्ट. ती त्या पानावर नव्हती.

अर्थात शोध घेणारा प्रत्येक जण बंदूक उचलत नाही. एका माणसाच्या कबुलीवरून समाजाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून आता आपण तीन अभ्यासांकडे जाऊ. आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे, तेव्हा इथे घाई करणार नाही.

अडचण काय असते बघा. समजा एखाद्या जिल्ह्यात इंटरनेट वाढलं आणि वंशद्वेषी गुन्हेही वाढले. म्हणून एकामुळे दुसरं झालं का? कदाचित तिथे शहर वाढलं, बाहेरचे लोक आले, म्हणून दोन्ही वाढलं. हे वेगळं काढायचं तर इंटरनेट अशा कारणानं कमीजास्त झालेलं पाहिजे, ज्याचा द्वेषाशी काही संबंध नाही.

पहिला अभ्यास अमेरिकेतला. जेसन चॅन, अनिंद्य घोष आणि रॉबर्ट सीमन्स यांचा, २०१६ चा. त्यांनी २००१ ते २००८ मधला ब्रॉडबँडचा प्रसार घेतला, आणि कारण निवडलं जमिनीच्या चढउताराचं. डोंगराळ भागात तारा टाकणं महाग, म्हणून तिथे कंपन्या कमी गेल्या. डोंगराचा वंशद्वेषाशी संबंध नाही, तेव्हा तुलना बरीच स्वच्छ होते. निष्कर्ष: एक जादा ब्रॉडबँड कंपनी आली की वंशद्वेषातून झालेले गुन्हे वाढले, काही हिशेबांत वीस टक्क्यांपर्यंत. पण ही वाढ सगळीकडे सारखी नव्हती. जिथे आधीपासून वस्त्या वंशानुसार वेगळ्या होत्या, जिथे लोक गूगलवर वंशवाचक शिव्या जास्त शोधत होते, तिथे वाढ जास्त. आणि वाढले ते मुख्यतः एकेकट्या माणसानं केलेले गुन्हे, टोळीचे नाहीत.

दुसरा अभ्यास रशियातला, आणि आम्हाला स्वतःला सगळ्यात आवडलेला. रशियात फेसबुकसारखं 'व्हीकाँताक्ते' आहे. ते २००६ मध्ये पावेल दुरोव यानं काढलं, तेव्हा तो सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात शिकत होता. सुरुवातीला साहजिकच त्याच्या बरोबरचे विद्यार्थी सभासद झाले, आणि त्यांच्यामार्फत त्यांच्या त्यांच्या गावचे मित्र. म्हणजे एखाद्या शहरात हे माध्यम लवकर पोचलं की उशिरा, हे बऱ्याच अंशी त्या शहरातली पोरं दुरोवच्या वर्षाला त्या विद्यापीठात होती की नाही, यावर ठरलं. निव्वळ योगायोग! लिओनार्दो बुर्स्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा योगायोग पकडला आणि पाहिलं की पुढे परक्या वंशाच्या लोकांवरचे हल्ले कुठे वाढले. उत्तर पुन्हा तसंच. ज्या शहरांत २००३ मध्ये, म्हणजे हे माध्यम जन्मायच्याही आधी, 'रोदिना' या कडव्या राष्ट्रवादी पक्षाला भरपूर मतं पडली होती, तिथे हल्ले वाढले. जिथे पडली नव्हती, तिथे माध्यम तेवढंच पसरूनही हल्ल्यांवर परिणाम दिसला नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली. लोकांची मतं विचारली, एकदा सरळ आणि एकदा आडून. आडून म्हणजे अशी पद्धत, की कोणता माणूस काय म्हणाला ते विचारणाऱ्यालाही कळत नाही, फक्त एकूण प्रमाण कळतं. सरळ विचारलं तेव्हा फरक नाही. आडून विचारलं तेव्हा मात्र, जिथे हे माध्यम जास्त पसरलं होतं तिथे परक्यांबद्दलचा राग जास्त निघाला. म्हणजे मनं बदलली होती, फक्त अनोळखी माणसासमोर कबूल करायची लाज अजून शिल्लक होती.

तिसरा जर्मनीतला. कार्स्टन म्युलर आणि कार्लो श्वार्झ. २०१५-१६ मध्ये तिथे निर्वासित आले, आणि दोनेक वर्षांत त्यांच्यावर ३,३०० हून अधिक हल्ले नोंदले गेले. ज्या आठवड्यात फेसबुकवर निर्वासितांविरुद्धचा मजकूर वाढे, त्या आठवड्यात फेसबुक जास्त वापरणाऱ्या गावांत हल्लेही वाढत. यावर कुणी म्हणेल, बातमीच तशी असेल, त्यामुळे दोन्ही वाढत असतील. म्हणून त्यांनी इंटरनेट बंद पडलेले दिवस काढले. केबल तुटली, यंत्रणा बिघडली, गावात नेट नाही. त्या काळात त्या गावापुरता हा संबंध जवळजवळ नाहीसा होत होता.

तिन्ही अभ्यास शेजारी ठेवले की चित्र दिसतं ते असं. इंटरनेट सगळीकडे सारखं पेरत नाही. रान कोरडं आहे तिथे ते वाऱ्यासारखं काम करतं. पण म्हणून 'आग तर आधीचीच होती' असं म्हणून वाऱ्याला निर्दोष सोडता येत नाही. ज्या गावात फोनविना तो हल्ला झालाच नसता, त्या गावातल्या मार खाल्लेल्या माणसाला या तात्त्विक भेदाचं काय कौतुक?

वाऱ्याला जोर कुठून येतो, हे आता थोडक्यात, कारण यावर पूर्वी बरंच बोलून झालंय. माध्यमाची कमाई तुम्ही किती वेळ थांबता यावर. राग आलेला माणूस जास्त थांबतो, जास्त लिहितो, जास्त पुढे ढकलतो. त्यामुळे कुणीही द्वेषाचा प्रसार करायचा असं ठरवलेलं नसतानाही रागाचा मजकूर वर चढतो. दुसरं, थट्टा. अमेरिकेतल्या एका नवनाझी संकेतस्थळाची लेखकांसाठीची नियमावली २०१७ मध्ये बाहेर फुटली. त्यात सांगितलं होतं की नव्या वाचकाला आपण गंमत करतोय की खरं बोलतोय हे कळता कामा नये. विनोद म्हणून वाचायला येतो, हसतो, पाचव्यांदा हसायच्या आधी सवय होते. २०२२ च्या मे महिन्यात बफेलोमध्ये दहा कृष्णवर्णीयांना मारणाऱ्या तरुणानं लिहिलं होतं की टाळेबंदीत कंटाळा आला म्हणून तो अशा फलकांवर जाऊ लागला. कंटाळा! एवढंच.

आणि तिसरं म्हणजे संख्येचा भास. गावात चारच जण असतील, पण पडद्यावर चारशे दिसतात. माणूस वाईट मत मनात ठेवतो ते 'लोक काय म्हणतील' म्हणून. लोक तर तेच म्हणताहेत असं एकदा दिसलं, की ती लगाम सुटते. परदेशी असलेल्या आपल्या मंडळींनी हे नुकतंच अनुभवलंय. २०२४ च्या डिसेंबरात श्रीराम कृष्णन यांची अमेरिकेत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सल्लागारपदी निवड जाहीर झाली, एच-वन-बी व्हिसाचा वाद पेटला, आणि भारतीयांबद्दलच्या ज्या शिव्या पूर्वी कोपऱ्यातल्या फलकांवर असायच्या, त्या खुल्या माध्यमावर स्वतःच्या नावानिशी लिहिल्या जाऊ लागल्या. न्यू जर्सीतला आपला मराठी माणूस हादरला. त्याच माणसाच्या कुटुंबाच्या ग्रुपवर मात्र आफ्रिकी विद्यार्थ्यांवरचे विनोद वर्षानुवर्षं चालू असतात, हेही खरं. (हशा) हसा, पण आमच्याही ग्रुपवर असतात.

इथे एक हरकत घ्यायलाच हवी. १९९४ मध्ये रवांडात काही आठवड्यांत लाखो तुत्सी मारले गेले, तेव्हा इंटरनेट नव्हतं, रेडिओ होता. अमेरिकेतल्या राजकीय दुफळीवरचा २०१७ चा एक अभ्यास सांगतो की दुफळी सर्वांत वाढली ती पंचाहत्तरीच्या पुढच्या लोकांत, जे इंटरनेट सगळ्यात कमी वापरतात. टीव्ही आहे, वर्तमानपत्र आहे, पुढारी आहेत. तेव्हा सगळं खापर फोनवर फोडणं सोयीचं आहे, बरोबर नाही. शिवाय इंटरनेट आरसाही आहे. सेथ स्टीव्हन्स-डेव्हिडोविट्झ यांनी गूगलवरच्या शोधांवरून अमेरिकेतल्या वंशद्वेषाचा नकाशा काढला, तेव्हा तो फक्त दक्षिणेत निघाला नाही. पश्चिम पेनसिल्व्हेनिया, पूर्व ओहायो, न्यूयॉर्क राज्याचा ग्रामीण भाग, जिथे कुणी सर्वेक्षणात तसं बोलत नव्हतं, तिथेही निघाला. तो द्वेष यंत्रानं तयार केला नव्हता. यंत्रापाशी तो कबूल झाला होता.

आता भाषेचा मुद्दा, कारण तो आपला आहे.

म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्ध फेसबुकवर जे चाललं, त्याबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी पथकानं २०१८ मध्ये कंपनीला धारेवर धरलं, आणि आपण पुरेसं केलं नाही हे कंपनीनंही कबूल केलं. रॉयटर्सच्या बातमीनुसार २०१५ च्या सुरुवातीला तक्रारी तपासणाऱ्यांत बर्मी भाषा जाणणारी माणसं होती दोन. अख्ख्या देशाला दोन! पुढे २०१७ मध्ये कंपनीनं एक उपाय केला. 'कला' हा तिथला हिणवणारा शब्द, भारतीय उपखंडातून आलेल्यांसाठी, मुस्लिमांसाठी वापरला जाणारा. तो दिसला की मजकूर काढायचा. झालं काय? बर्मी भाषेत हरभऱ्याच्या डाळीला 'कला पे' म्हणतात. डाळीबद्दल लिहिणाऱ्यांचा मजकूर उडायला लागला. त्या शब्दाचा निषेध करणाऱ्यांचाही उडाला. आणि ज्यांना द्वेष पसरवायचा होता त्यांना दुसरे शब्द मिळायला कितीसा वेळ?

आपल्याकडे हेच उलट्या बाजूनं आहे. ईशान्येकडच्या लोकांसाठी वापरला जाणारा 'चिंकी' हा शब्द यादीत घालता येतो. २०१२ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानंही राज्यांना कळवलं होतं की ईशान्येतल्या अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला असं म्हणणं हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. पण प्रत्यक्षात रस्त्यावर हाक मारली जाते ती 'मोमो', 'चायनीज', आणि २०२० मध्ये 'कोरोना'. मोमो यादीत घालणार? मग टपरीवाल्यानं जाहिरात कशी करायची? शब्द निरुपद्रवी आहे, उपद्रव आहे तो कुणी कुणाला कोणत्या सुरात म्हटलं यात. हे कळायला ती भाषा आणि तो रस्ता माहीत असलेला माणूस लागतो. इंग्रजीसाठी अशी माणसं आणि यंत्रं भरपूर आहेत. मराठीत, असमियात, मैतेईत किती आहेत हे कंपन्यांना खोदून विचारलं पाहिजे.

मग करता काय येतं? आमच्या मते दोन गोष्टींना पुरावा बरा आहे. एक, अड्डा बंद करणं. रेडिटनं २०१५ मध्ये उघड वंशद्वेषी आणि तत्सम काही गट बंद केले. तेव्हा बरेच लोक म्हणाले, काय उपयोग, हीच माणसं दुसऱ्या गटांत जाऊन घाण करतील. एश्वर चंद्रशेखरन आणि सहकाऱ्यांनी नंतर तपासलं. पुष्कळ खाती सोडूनच गेली, आणि जी राहिली त्यांची द्वेषाची भाषा ऐंशी टक्क्यांनी किंवा त्याहून जास्त घटली. म्हणजे तीच माणसं, पण जागा बदलल्यावर वागणं बदललं. मात्र स्वतःचं वेगळं संकेतस्थळ काढून गेलेल्या काही गटांबद्दल पुढच्या अभ्यासात असं दिसलं की तिथे संख्या घटते, पण उरलेले आणखी कडवट होऊ शकतात. तेव्हा औषध आहे, पण दुष्परिणामासकट.

दुसरी गोष्ट म्हणजे टोकणं. केव्हिन मंगर यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग गमतीशीर आहे. ट्विटरवर कृष्णवर्णीयांना शिवी देणाऱ्या गोऱ्या पुरुषांना त्यांनी खोट्या खात्यांवरून सौम्य भाषेत टोकलं, अरे बाबा, समोर खरी माणसं आहेत, त्यांना लागतं, अशा अर्थाचं. संदेश एकच. फक्त टोकणाऱ्याचा चेहरा कधी गोरा, कधी काळा, आणि मागे असलेले अनुयायी कधी थोडे, कधी पुष्कळ. परिणाम ठळक दिसला तो एकाच प्रकारात: टोकणारा गोरा आणि वजनदार असेल तर. म्हणजे ज्याला शिवी लागते त्यानं कितीही सांगितलं तरी ऐकलं जात नाही, आपल्यातल्यानं सांगितलं तर ऐकलं जातं. हे वाचून बरं वाटत नाही, पण आहे हे असं आहे.

आता प्रश्न घेऊ. तिकडून चिठ्ठी आली आहे.

प्रश्न: कडक कायदा करून एकदाचं हे बंद का करत नाहीत?

कायदे आहेत. जर्मनीनं २०१७ मध्ये केला, त्यात उघड बेकायदा मजकूर २४ तासांत काढायचा होता, नाही तर पाच कोटी युरोंपर्यंत दंड होता. आपल्याकडे २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा बेझबरुआ समिती नेमली गेली. तिनं वंशावरून होणाऱ्या अपमानासाठी आणि हल्ल्यांसाठी दंडसंहितेत खास कलमं घालावीत असं सुचवलं. समितीनं सुचवलेली ती कलमं नव्या न्यायसंहितेत नाहीत. ती कलमं यावीत असं आम्हाला वाटतं. पण 'कडक' या शब्दाची आम्हाला भीतीही वाटते. २०१२ च्याच नोव्हेंबरात पालघरमध्ये दोन मुलींना अटक झाली होती, आठवतंय? बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, अशा अर्थाचं एकीनं फेसबुकवर लिहिलं आणि दुसरीनं ते लाइक केलं, म्हणून. तिथे जी कलमं लावली त्यातलं ६६ अ सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. पुण्यात चेहरा पाहून मारणारे आणि पालघरमध्ये साधं मत लिहिणारी मुलगी, यांच्यात फरक करणारा कायदा हवा, आणि तो फरक समजणारा हवालदारही.

प्रश्न: घरच्या ग्रुपवर काका-आत्याच असं काही टाकतात. त्यांना काय बोलणार?

हा खरा अवघड. मंगर यांचा प्रयोग अनोळखी माणसांवर होता, आणि तो ट्विटरवर होता, घरात नव्हता. आमचा अनुभव सांगतो, तो पुरावा नाही. ग्रुपवर चारचौघांत 'हे खोटं आहे' म्हटलं की काका हट्टाला पेटतात, कारण आता प्रश्न मजकुराचा राहत नाही, मानाचा होतो. वेगळा फोन करून 'काका, ते चित्र भूकंपाचं आहे, तुम्हाला कुणीतरी फसवलंय' म्हटलं, तर निम्म्या वेळा ते स्वतः काढून टाकतात. निम्म्या वेळा नाही. आणि हो, तो पाचाचा आकडा. २०१८ मध्ये मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवांवरून ठिकठिकाणी जमावानं माणसं मारली, आपल्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जण मारले गेले. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०१२ मध्ये सरकारनं एसएमएसवर जे पंधरा दिवसांसाठी केलं होतं, तेच कंपनीनं कायमचं केलं. त्यानं काकांचं मत बदलत नाही. वेग कमी होतो.

प्रश्न: २०१२ मध्ये पुण्याहून गेलेली मुलं परत आली का?

बरीच आली, काही आठवड्यांत. नोकऱ्या इथे होत्या, कॉलेजं इथे होती. काही मात्र आली नाहीत. जी आली, त्यांच्यातल्या काहींशी आम्ही नंतर बोललो आहोत. एक मुलगी म्हणाली की त्या आठवड्यात तिच्या फोनवर शंभरेक संदेश आले, सगळे पळून जा म्हणणारे. थांब, आम्ही आहोत, असा एक आला. तो घरमालकीणबाईंचा होता.